जुलैत आलेली ऑफर

जून संपत आला की माझ्या व्हॉट्सॲपवर ठरावीक मेसेज यायला लागतात. कधी कराडहून, कधी ठाण्याहून, कधी कुणाच्या तरी ओळखीच्या ओळखीकडून. "मावशी, एक अर्जंट विचारायचं होतं. वेटलिस्ट क्लिअर झाली. सात दिवसांत कळवायचंय. घेऊ का?" मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत, इंजिनिअरिंगच्या एका डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट ऑफिसात काम करते. प्रवेश कोणाला द्यायचा हे प्राध्यापकांची कमिटी ठरवते. फायली, याद्या, पत्रं आणि तारखा मात्र आमच्याकडे असतात. त्यामुळे ही उशिराची पत्रं टेबलाच्या या बाजूने कशी निघतात ते मी बरीच वर्षं बघते आहे, आणि टेबलाच्या त्या बाजूला, आपल्या घराघरांत, त्या पत्रांनी काय धांदल उडते तेही फोनवरून ऐकते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मास्टर्सची, एक पैशाचंही फंडिंग नसलेली, आणि केवळ नाव मोठं म्हणून मोहात पाडणारी शेवटच्या क्षणीची ऑफर बहुतेकांनी सोडून द्यावी. पीएचडीची, फंडिंगसकट आलेली ऑफर मात्र ऑगस्ट तोंडावर असला तरी झटकून टाकू नये. आणि दोन्ही बाबतीत, आनंदाने पेढे आणायच्या आधी, एक प्रश्न स्वतःला विचारावा आणि जमलं तर विद्यापीठालाही विचारावा: ही जागा आत्ता, इतक्या उशिरा, का रिकामी झाली?

हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही, आणि त्याचं कारण मला कॅप राउंडमध्ये दिसतं. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचा प्रवेश घेतलेल्या कुठल्याही घराला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या राउंडला एक कॉलेज मिळतं, मग बेटरमेंट, मग दुसरा राउंड, तिसरा राउंड. यादीत वरचं कॉलेज मिळालं की खालचं सोडायचं. विचार करायचा प्रश्नच नसतो. तिसऱ्या राउंडला सीओईपी लागलं तर कुणी त्याला कमी मानत नाही, आणि मानूही नये. ही सवय तिथे बरोबरच आहे, कारण तिथे फी ठरवायला प्राधिकरण आहे, पर्सेंटाइल एकच आहे, आणि वरच्या कॉलेजात जायला सहसा घर गहाण टाकावं लागत नाही. सरकारी कॉलेज तर वरचंही असतं आणि स्वस्तही.

तीच मुलं चार वर्षांनी अमेरिकेचे अर्ज करतात, आणि घरातले सगळे तीच कॅपची यादी डोक्यात घेऊन बसतात. फक्त कट-ऑफच्या जागी रँकिंग येतं. सत्तराव्या नंबरच्या जागी विसावा नंबर मिळाला, मग सोडायचं कसं? पण इथे प्रत्येक ऑफरला स्वतःची किंमत चिकटलेली असते. एकाच डिपार्टमेंटमध्ये एकाच वर्षी शेजारी बसणाऱ्या दोन मुलांपैकी एक पूर्ण फी भरत असतो आणि दुसऱ्याला फी माफ होऊन वर महिन्याला स्टायपेंड मिळत असतो. त्यामुळे उशिरा आलेली ऑफर ही यादीतली वरची सीट समजू नये. तो एक वेगळा व्यवहार आहे, आणि तो सुट्टा तपासायला हवा.

आता ती जागा रिकामी का होते ते सांगते.

इथे १५ एप्रिल ही तारीख मोठी. काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या एका जुन्या ठरावावर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या सह्या आहेत. त्यानुसार फंडिंगची ऑफर दिलेल्या विद्यार्थ्याकडून १५ एप्रिलच्या आधी होकाराची सक्ती करायची नाही. म्हणजे चांगल्या मुलांच्या हातात तोवर तीन-तीन, चार-चार ऑफर पडून असतात. त्या आठवड्यात ते एक ठेवतात आणि बाकीच्या सोडतात. आमच्या ऑफिसात १३ ते १७ एप्रिल म्हणजे गणपती विसर्जनाच्या दिवशीचा पोलीस बंदोबस्त. मग वेटलिस्ट हलते. एप्रिलच्या शेवटी, मेच्या पहिल्या आठवड्यात आलेली फंडेड ऑफर ही अशी, कुणीतरी दुसरीकडे गेला म्हणून मोकळी झालेली. त्यात काही खोट नसते. दोन्ही उमेदवारांत कमिटीला फरक करता आला नव्हता, आणि एकाचं नाव वर टाइप झालं, इतकंच असतं पुष्कळदा.

एक लक्षात ठेवा, हा ठराव फंडिंगबद्दल आहे. नुसत्या प्रवेशाला, म्हणजे स्वखर्चाच्या मास्टर्सला, तो लागू नाही. तिथे विद्यापीठ आपली तारीख आपण ठरवतं, डिपॉझिट मागतं, आणि सात दिवसांत उत्तर द्या म्हणतं.

जून-जुलैत येणाऱ्या ऑफरची गोष्ट वेगळी. स्वखर्चाच्या मास्टर्सला दरवर्षी अशी मुलं असतात, जी डिपॉझिट भरतात आणि ऑगस्टमध्ये उगवतच नाहीत. कुणाला व्हिसा नाही, कुणाचं कर्ज नाही, कुणाचं लग्न ठरलं. विद्यापीठाला हे ठाऊक असतं. वर्ग भरायचे असतात, बजेट त्या फीवर बेतलेलं असतं, म्हणून उन्हाळ्यात वेटलिस्ट पुन्हा एकदा चाळली जाते. तुमच्या मुलाची लायकी नव्हती आणि पैशासाठी घेतला, असं मी म्हणत नाही. लायकी नसती तर वेटलिस्टवर नाव आलंच नसतं. पण जुलैतल्या या पत्रामागे विद्यापीठाची गरज आहे आणि ती गरज पूर्ण फी भरणाऱ्या माणसाची आहे, हे घरातल्या सगळ्यांनी एकदा मोठ्याने म्हणून बघावं.

फंडेड पीएचडीच्या उशिरा ऑफरमागेही गरज असते, पण ती उलट्या दिशेची. पदवीच्या पहिल्या वर्षाला मुलं अपेक्षेपेक्षा जास्त आली, लॅबचे वर्ग वाढले, शिकवायला टीए कमी पडले. किंवा घेतलेल्या मुलाला व्हिसा मिळाला नाही. किंवा एखाद्या प्राध्यापकाचं ग्रँट मे महिन्यात मंजूर झालं आणि त्याला आता माणूस हवा आहे. इथे विद्यापीठ तुम्हाला पैसे देणार असतं. दोन्ही पत्रांची पहिली ओळ सारखीच असते, "अभिनंदन" म्हणून. फरक खाली, तिसऱ्या परिच्छेदात असतो.

माझ्या मावसबहिणीची मुलगी कराडची. इलेक्ट्रिकल केलं, दोन वर्षं चाकणला नोकरी केली, पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये मास्टर्स करायचं ठरवलं. मार्चमध्ये तिला इकडच्याच एका स्टेट युनिव्हर्सिटीने घेतलं, फीमध्ये थोडी सवलतही दिली. डिपॉझिट भरलं, आय-२० आला, सेविसची ३५० डॉलर फी आणि व्हिसाची १८५ डॉलर फी भरली, मुंबईचा स्लॉट मिळाला. सगळं लायनीत लागलेलं. आणि २४ जूनला पूर्व किनाऱ्यावरच्या एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठाची वेटलिस्ट तिच्यासाठी उघडली. नाव असं, की कराडच्या रिक्षावाल्यालाही माहीत असावं. त्या रात्री मला तिघांचे फोन आले. आई, बाबा आणि ती, वेगवेगळे.

मी त्यांना कागद-पेन घ्यायला लावलं. पहिलं विद्यापीठ: सवलत जाऊन फी वर्षाला साधारण २२,००० डॉलर, राहणं-खाणं १५,०००, दोन वर्षं. एकूण ७४,०००. दुसरं: फी वर्षाला ६०,०००, शहर महाग म्हणून राहणं-खाणं २८,०००, कोर्स दीड वर्षाचा. एकूण १,३२,०००. डॉलर ८५ रुपये धरला तर एकीकडे ६३ लाख, दुसरीकडे १ कोटी १२ लाख. फरक जवळपास ५० लाखांचा. हा आकडा कागदावर लिहीपर्यंत घरात कुणीच उच्चारला नव्हता. बोलणं चालू होतं ते "थोडं जास्त लागेल" अशा भाषेत.

शिवाय आय-२० साठी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात. म्हणजे नव्या विद्यापीठाला आठवड्याभरात ७५ लाख दाखवायचे. पहिलं कर्ज सरकारी बँकेकडून मंजूर झालं होतं, राहत्या घराच्या तारणावर. सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात, आणि शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. घर तर आधीच अडकलेलं. मग खासगी फायनान्स कंपनीचं विनातारण कर्ज, चढ्या व्याजाने. नाहीतर आजोबांची दीड एकर विकायची. बाबा विकायला तयार होते. "तिच्यापेक्षा जमीन मोठी आहे का?" असं म्हणाले. यावर फोनवर काय उत्तर देणार? वडिलांचं हे बोलणं खरं असतं, मनापासूनचं असतं, आणि म्हणूनच मुलीने त्या वाक्याच्या भरात निर्णय घेऊ नये असं मला वाटतं.

५० लाखांचं जादा कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला ६९ हजारांच्या आसपास हप्ता पडतो. अमेरिकेत नोकरी लागली तर महिन्याला आठशे डॉलर, काही फार जड नाही. हे गणित एजंट तुम्हाला सांगतात. ते सांगत नाहीत ते दुसरं: नोकरी लागली नाही आणि परत पुण्याला यावं लागलं, तर हाच ६९ हजारांचा हप्ता, आणि त्याच्या जोडीला पहिल्या ६३ लाखांतलं जे काही कर्ज असेल तेही, रुपयातल्या पगारातून फेडायचं. हा निर्णय घेताना पगार रुपयात धरून बघा. जमत असेल तर खुशाल जा.

नावाला काहीच अर्थ नाही, असं मी म्हणणार नाही. मोठ्या नावाच्या विद्यापीठाच्या करिअर फेअरला कंपन्या जास्त येतात, माजी विद्यार्थ्यांचं जाळं मोठं असतं. काही क्षेत्रांत, फायनान्ससारख्या, नावावर दार उघडतं हे खरं आहे. पण आपली मुलं ज्या गोष्टींच्या आशेवर इकडे येतात, त्यातल्या बऱ्याचशा नावाला ओळखत नाहीत. शिक्षणानंतरचं ओपीटी बारा महिन्यांचं, स्टेम विषयाला आणखी चोवीस महिने. ते दोन्ही विद्यापीठांना सारखंच. एच-वन-बीमध्ये अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जादा जागा असतात. त्या सरकारी किंवा ना-नफा तत्त्वावरच्या कुठल्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाच्या मुलांना सारख्याच खुल्या. तिथे रँकिंगचा रकाना नाही. आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीला, जिच्या विद्यापीठापासून तासाभराच्या अंतरावर मोटारींचे कारखाने आहेत, तिला पूर्व किनाऱ्यावरचं नाव किती उपयोगी पडणार हा प्रश्नच आहे.

तिला मी दोन कामं सांगितली. एक, नव्या विद्यापीठाला ईमेल: वेटलिस्टवरून आलेल्या विद्यार्थ्यांना काही असिस्टंटशिप किंवा फीमाफी आहे का, आणि हाच प्रवेश पुढच्या वर्षीवर ढकलता येईल का? दुसरं, दोन्ही विद्यापीठांतून तिच्याच विषयात बाहेर पडलेल्या चार-चार जणांना लिंक्डइनवर गाठायचं आणि एवढंच विचारायचं, की पहिली इंटर्नशिप कुठे आणि कशी मिळाली. एजंटला विचारायचं नाही, आणि मलाही नाही. पहिल्या ईमेलचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. पैसे नाहीत, ढकलता येणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. लिंक्डइनवर आठांतल्या पाच जणांनी उत्तर दिलं. आपली मुलं या बाबतीत खूप मदत करतात, हे कौतुकाने सांगायला हवं. सहाव्या दिवशी तिने नवी ऑफर सोडली. "एवढं नाव, सोडलंस?" असं बाबा अजून मधूनच म्हणतात. ती आता दुसऱ्या सेमिस्टरला आहे, लॅबमध्ये तासावर थोडं काम मिळालं आहे, इंटर्नशिप अजून मिळालेली नाही. रोज अर्ज करते आहे.

पैशाचा प्रश्न सुटला तरी कॅलेंडर राहतं. २०२५ साली मेच्या अखेरीस अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणंच थांबवलं होतं. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते पुन्हा सुरू झालं, सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायची अट घालून. तेवढ्या तीन आठवड्यांत कितीतरी घरांनी श्वास रोखून धरला होता. असं दरवर्षी होईल असं नाही, पण ज्याच्या हातात जुलैत स्लॉट आहे, त्याने तो सहजासहजी धोक्यात घालू नये. विद्यापीठ बदललं की नवा आय-२० लागतो. सेविसची भरलेली फी नव्या आय-२० वर वळवता येते, तो भाग सोपा. पण मुलाखत होऊन पासपोर्टवर व्हिसा चिकटला असेल, तर त्या व्हिसावर पहिल्या विद्यापीठाचं नाव छापलेलं असतं, आणि पहिल्यांदा देशात शिरताना ते नाव आणि हातातला आय-२० एकच असावेत अशी अपेक्षा असते. "आधी एकदा पोचू, मग बदलू" असा सल्ला देणारे खूप भेटतात. एअरपोर्टवरच्या खिडकीसमोर ते सल्लागार नसतात, तुमचं लेकरू एकटं असतं.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी आणखी पुष्कळ. शेवटच्या सेमचा निकाल हातात आहे का? ट्रान्सक्रिप्ट्स मिळायला किती दिवस लागतात? गोवरच्या लसीच्या दोन डोसांचा दाखला सापडतोय का? (हा दाखला सापडत नाही. कुणाच्याच घरात सापडत नाही. पुन्हा लस घेतात.) विद्यापीठांच्या गावांत घरांचे करार ऑगस्ट ते जुलै असतात, त्यामुळे जुलैअखेरीला हो म्हणणाऱ्याच्या वाट्याला उरलेली घरं येतात, बसस्टॉपपासून लांबची. यातलं कुठलंही एक कारण ऑफर सोडायला पुरेसं नाही. पण तीन-चार एकत्र आली, की पहिलं सेमिस्टर सावरण्यातच जातं, आणि मास्टर्सचं पहिलं सेमिस्टर गेलं की इंटर्नशिपचा हंगामही गेला. कंपन्या सप्टेंबरातच येतात.

पीएचडीबद्दल मात्र मी वेगळं का म्हणते? लातूरचा एक मुलगा, एमटेक करून तिकडच्याच एका कॉलेजात सीएचबीवर शिकवत होता. म्हणजे तासाप्रमाणे पैसे, तेही कधी मिळतील त्याचा नेम नाही. मार्चमध्ये शेजारच्या राज्यातल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकाशी त्याचं झूमवर बोलणं झालं होतं, मग काहीच नाही. १८ जुलैला पत्र आलं. टीएशिप, फी माफ, आरोग्य विमा, स्टायपेंड. वर्ग सुरू होणार ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. त्याच्याकडे आय-२० नाही, व्हिसा स्लॉट नाही. पासपोर्ट तेवढा होता. घरातले म्हणाले, एक महिन्यात कसं शक्य आहे, सोडून दे. तो जवळजवळ सोडणारच होता.

त्याला मी म्हटलं, हो आणि नाही यांच्यामध्ये एक तिसरं उत्तर असतं. जानेवारी मागून बघ. इंजिनिअरिंगच्या डिपार्टमेंटांना स्प्रिंग सेमिस्टरलाही टीए लागतातच. त्याने विचारलं. दोन दिवसांत डिपार्टमेंटने मान्य केलं. मग मी त्याला नवं पत्र मागायला लावलं, कारण फोनवर "काळजी करू नकोस" म्हणणारा डायरेक्टर डिसेंबरपर्यंत त्या खुर्चीवर असेलच असं नाही. पत्रात तीन गोष्टी लिहून घेतल्या: जानेवारीपासून तेच फंडिंग, किती सेमिस्टर, आणि उन्हाळ्यात काय. ऑक्टोबरमध्ये व्हिसा झाला. जानेवारीत तो बर्फात उतरला, अंगात नागपूरहून आणलेलं जाकीट. त्याबद्दल न बोललेलं बरं.

पण फंडेड म्हटलं की डोळे मिटून हो म्हणायचं, असंही नाही. पत्रात "फंड उपलब्ध असल्यास" अशी ओळ जवळजवळ नेहमीच असते. तिला घाबरायचं कारण नाही, पण तिच्या आधी काय लिहिलं आहे ते बघा. चार-पाच वर्षांची हमी आहे की एका वर्षाची? पैसे डिपार्टमेंटच्या टीएचे आहेत की एका प्राध्यापकाच्या ग्रँटमधले? हा फरक आता फार महत्त्वाचा झाला आहे. २०२५ मध्ये सरकारी संशोधन निधीला कात्री लागली तेव्हा काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काही ठिकाणी तर दिलेल्या ऑफरही मागे घेतल्या. ग्रँटवर बोलावणाऱ्या प्राध्यापकाला सरळ विचारावं, की ग्रँटची किती वर्षं उरली आहेत आणि संपल्यावर डिपार्टमेंट टीए देतं का. आपल्याकडे "सरांना असं कसं विचारायचं" असं वाटतं. इथल्या सरांना त्यात वावगं काही वाटत नाही. ज्याला वाटलं, त्याच्याकडे पाच वर्षं काढायची की नाही याचंही उत्तर तिथेच मिळालं. आणि त्या प्राध्यापकाच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी अर्धा तास एकट्याने बोला. तो काय सांगतो यापेक्षा कुठल्या प्रश्नाला थांबतो तिकडे लक्ष ठेवा.

सात दिवसांची मुदत वाढवून मागता येते, हेही पुष्कळांना माहीत नसतं. "व्हिसाच्या मुलाखतीची तारीख अमुक आहे, तोपर्यंत वेळ मिळेल का" एवढी साधी ओळ पुरते. आमच्याकडे अशी विनंती आली की बहुतेक वेळा दोन-चार दिवस दिले जातात. विचारलं म्हणून ऑफर काढून घेतलेली मी पाहिलेली नाही.

बरं, दोन्ही सोडून वर्षभर थांबायचं ठरवलं तर? आपल्या घरांत "वर्ष वाया गेलं" या शब्दांची केवढी दहशत आहे! दहावीपासून ती मानेवर बसलेली असते. पण इथे वर्गात पंचविशीचे, तिशीचे, दोन मुलं असलेले लोक बसतात. दोन वर्षं नोकरी करून आलेल्या मुलाची फाइल कमिटीपुढे गेली की त्याचं वय कुणी बघत नाही, त्याने केलेलं काम बघतात. डिसेंबरात नीट अर्ज करून, एप्रिलमध्ये फंडिंगसकट मिळालेला प्रवेश हा जुलैत धावतपळत घेतलेल्या प्रवेशापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतो. नातेवाइकांना पाठवलेले पेढे परत मागवता येत नाहीत, ही अडचण आहे खरी. म्हणून पेढे विमानात बसल्यावर वाटावेत.

वेटलिस्टवरून आलो म्हणून आपण दुय्यम, असं काही मुलांच्या मनात राहून जातं, त्याबद्दल दोन शब्द. वर्ग सुरू झाल्यावर कोण कुठल्या यादीतून आला हे शिकवणाऱ्यांना माहीत नसतं. आमच्या ऑफिसात असतं, आणि खरं सांगायचं तर ऑक्टोबरपर्यंत आम्हीही विसरतो.

आणि एक काम, जे जवळजवळ कुणी करत नाही. नवी ऑफर घेतली असेल तर जुन्या विद्यापीठाला, सोडली असेल तर नव्याला, त्याच दिवशी दोन ओळी लिहून कळवा. "शब्द दिला होता, आता कसं तोंड दाखवायचं" म्हणून मुलं गप्प बसतात, पोर्टल उघडतच नाहीत. डिपॉझिट जातं ते जातं, पण कुणी रागावत नाही. आभार मानायचे, येऊ शकत नाही म्हणायचं, सही करायची. ती ईमेल आमच्याकडे आली की मी यादीतल्या त्या नावापुढे खूण करते आणि खालच्या नावाचं पत्र काढते. त्या नावाच्या घरी, वारंगळला असेल, लागोसला असेल किंवा सांगलीला, त्या दिवशी जेवणं उशिरा होतात.